चाकमायला सिमेंट चालत नाही

हेमराज गुरुजी गेले ते ऐन रोवणीत, धानाची लावणी चालू असताना. मोठ्या बांधीत वीस बाया वाकलेल्या, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या जुड्या धुऱ्यावर मांडलेल्या, चिखल अगदी हवा तसा झालेला... आणि घरून आमच्या ह्यांचा फोन आला. "दादा गेले. खुर्चीतच." मी विचारलं, "चहा घेतला होता का?" हे मी का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. हे म्हणाले, "अर्धा." मग मी फुलनबाईला सांगितलं की ही बांधी संपली की वरची धरा, काढलेले पऱ्हे उद्यापर्यंत टिकणार नाहीत. नहरावर पाय धुतले आणि घरी गेले. कोणाला हे विचित्र वाटलं असेल तर वाटो. छातीत दुखतं तर गोंदियाला जाऊन दाखवून या, असं गुरुजींना मी दोन वर्षं सांगत होते. ते म्हणत, पावसाळा झाला की जाऊ. पावसाळा झाला की म्हणत, आता उजेड चांगला पडतो, आता खाणीत काम आहे. त्यांनी माझं कधी ऐकलं नाही, तसं हेही ऐकलं नाही.

याला आता दोन महिने होत आले. मधल्या काळात त्यांच्यावर दोन-तीन ठिकाणी छापून आलं. एकानं त्यांना निसर्गवेडा शिक्षक म्हटलं, एकानं खाणीतला ऋषी. ऋषी तांदळाच्या कोठीत दगड ठेवतात का, हे मला माहीत नाही. गुरुजी ठेवत. वेडा शब्द चालेल, पण तोही लिहिणाऱ्यानं कौतुकानं वापरला होता. त्या वेड्याला तीस वर्षं डबा मी दिला, त्याचे चुन्यानं पांढरे झालेले शर्ट मी आपटले. म्हणून वाटलं, एकदा मीही लिहावं.

गुरुजी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जुनी रीत अशी की भासरा आणि भावसून समोरासमोर बोलत नाहीत. ते फाटकाशी खाकरत, मी पदर ओढून घेत असे. काही सांगायचं असलं तर मध्ये तिसरं माणूस लागे. जाऊबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. आमचे हे सौंदडच्या राइस मिलमध्ये कामाला, शनिवारी येत आणि सोमवारी जात. तेव्हा घरात आम्ही तिघंच, आणि सासूबाई आमचं टपाल. गुरुजी ताटावरून म्हणत, "आई, तिले सांग, भाजीत मीठ कमी आहे." सासूबाई माझ्याकडे वळून, "मीठ कमी आहे म्हणते." मी म्हणे, "त्यायले सांगा, मीठ समोरच्या वाटीत आहे." सासूबाई परत तिकडे वळून, "वाटीत आहे म्हणते. आणि आता मले जेवू द्या दोघंही." तिघं एका हाताच्या अंतरावर बसलेलो असू. बरं, हा माणूस हायस्कूलला विज्ञान शिकवणारा. भानामती, करणी, मांजर आडवं जाणं, सगळ्यावर शाळेत भाषणं. गावात कोणाच्या अंगात आलं की हे तिथं जाऊन नाडी मोजत. पण भावसुनेशी बोलायची वेळ आली की घसा खाकरून भिंतीकडे पाहायचं.

खाण गावाच्या बाहेर, चिचगडच्या रस्त्याला जंगल लागतं तिथं. चुन्याची खाण म्हणतात. आपल्या भागात बहुतेक दगड काळा नाहीतर करडा, घणाखाली ठणठण वाजणारा. त्यात चुनखडीचा हा एवढासा तुकडा. कोणे एके काळी तिथं दोन भट्ट्या होत्या, भिंती पोतायला आणि पानाला लावायला इथलाच चुना जाई. पण दगडात मातीचे थर फार, चुना पिवळट निघे. भट्टीवाला कंटाळून निघून गेला आणि मागे एक मोठा खड्डा उरला. तळाशी हिरवं पाणी, काठावर पळसाची झाडं, म्हशींना बसायला सोय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती तशीच पाहत आले. गुरुजीही पाहत आले. मग १९९९ साली, पावसाळा संपता संपता, त्यांनी दहावीचा वर्ग तिथं नेला आणि पावसानं धुतलेल्या भिंतीत त्यांना चकऱ्या दिसल्या.

मलाही नंतर दाखवल्या, सासूबाईंच्या मार्फत. पत्ताकोबी मधोमध कापली तर जशी दिसते, तशा. आतून बाहेर एकावर एक पापुद्रे, एक चाक परातीएवढं, त्याला चिकटून दुसरं, तिसरं. मला ती कोबी दिसली. गुरुजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक तुकडा नागपूरच्या एका प्राध्यापकांना पाठवला, आणि थंडीत ते प्राध्यापक जीप घेऊन खरंच आले. भिंतीसमोर दोन तास उकिडवे बसले, मग आमच्याकडे लाखोळीची डाळ आणि भात जेवले, आणि गुरुजींना म्हणाले, "ही भिंत जपा. अशी उघडी, स्वच्छ भिंत फार कमी ठिकाणी मिळते." ते जपा म्हणून गेले आणि आमच्या घरात पुढची सगळी वर्षं ठरून गेली.

त्या संध्याकाळी गुरुजींना बसवत नव्हतं. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, येरझारा घालत ते सासूबाईंना सांगत होते, म्हणजे खरं तर मला. इथं उथळ समुद्र होता. त्यात शेवाळ होतं, डोळ्यांना न दिसणारं. त्यावर बारीक गाळ बसे, शेवाळ त्यातून वर येई, पुन्हा गाळ, पुन्हा शेवाळ, असे थर चढत गेले आणि त्यांचा दगड झाला. मासा नव्हता, पान नव्हतं, किडा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्याचं इंग्रजी नाव स्ट्रोमॅटोलाइट, जे मला अजून नीट म्हणता येत नाही. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "शेवाळ? आपल्या न्हाणीत आहे तसं?"

"तसंच समज."

"मंग त्याच्यासाठी उन्हात खाणीत कायले जातेस बाप्पा? इथंच बसून पाह्य ना."

मी पदराआड हसले. गुरुजींना ते दिसलं, आणि दोन दिवस मिठाबद्दल काही निरोप आला नाही.

मग घरात दगड येऊ लागले. खिडकीत दगड, पलंगाखाली दगड, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. एक चांगला सपाट, हाताच्या पंजाएवढा दगड मी धुऊन लिंबाच्या लोणच्यात दाब म्हणून ठेवला. तिसऱ्या दिवशी बरणी उघडते तर आत फसफस. लिंबाच्या आंबटानं चुनखडीला फेस येतो, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. गुरुजी आधी ओरडले, चिठ्ठी असलेला दगड लोणच्यात टाकला म्हणून. मग बरणीत डोकावले आणि त्यांचा चेहराच बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवा वर्ग रांगेनं आमच्या स्वयंपाकघरात, माझी बरणी पाहायला. वर्षाचं लोणचं गेलं. "आई, तिले सांग, फार चांगला प्रयोग झाला." सासूबाईंनी हा निरोप दिला नाही. त्यांना माझा चेहरा दिसत होता.

सासूबाई गेल्यावर आमची खरी पंचाईत झाली. निरोप द्यायला माणूस उरलं नाही. चार दिवस दोघंही मुके. पाचव्या दिवशी गुरुजी सपरीत बसून लाकडी खांबाकडे पाहत म्हणाले, "आज शाळा दुपारी सुटन." मी आत होते. काही क्षण मला कळेना हा माणूस कोणाशी बोलतो आहे. मग मीही दारात येऊन खांबाला म्हटलं, "मंग डबा न्यायचा नाही." असं ते सुरू झालं. शेजारणी हसत. मी एकदा खांबाला विचारलं, "जगाले अंधश्रद्धा सोडा म्हणतात, अन् हे काय आहे म्हणावं?" गुरुजींनी खांबाला उत्तर दिलं, "ही अंधश्रद्धा नाही. ही रीत आहे. हिचा कोणाले तरास नाही." मला किती तरास आहे, हे खांबाला कसं सांगणार!

पुढे सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गावानं मला बसवलं. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता तेव्हा पावसाळ्यात नावालाच असे. बाळंतीण बैलगाडीत घालून न्यावी लागे आणि चाक चिखलात बसलं की तिथंच सगळं. निवडून येताना मी एकच शब्द दिला होता, रस्ता. तो मंजूर झाला, आणि भराव्यासाठी ठेकेदारानं दगड काढायला घेतला तो जवळच्या जवळ, आमच्या खाणीतून. खाण मोठी आहे, पलीकडच्या टोकाला लागेल तेवढा दगड होता. पण चकरीची भिंत रस्त्याच्या बाजूला, आणि ती थराथराची असल्यामुळे सब्बल घातली की फळीसारखी सुटायची. मजूर तिथंच येणार.

गुरुजींनी काय केलं असेल? घरात खांबाला काही बोलले नाहीत. ग्रामपंचायतीत अर्ज दिला. "मा. सरपंच यांस, विषय: गावच्या खाणीतील पुरातन जीवाश्मांचे संरक्षण करणेबाबत." आवक नंबर घालून तो माझ्या टेबलावर आला. सकाळी ज्या माणसाला मी चहा दिला त्याचा अर्ज, दुपारी, सही-तारखेसह. ग्रामसेवक तोंडावर फाइल धरून हसत होता. मी लेखी उत्तर दिलं, की ठेकेदारास पलीकडील बाजूने दगड काढण्याबाबत तोंडी सूचना देण्यात आली आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज: तोंडी सूचना पाळली जात नाही, लेखी द्यावी. लेखी दिली. तिसरा अर्ज: लेखी सूचनाही पाळली जात नाही. तेही खरं होतं. ठेकेदार मला "हो ताई, हो ताई" म्हणे आणि ट्रॅक्टर तिथंच लावे. काम थांबवलं असतं तर पावसाळ्याआधी रस्ता झाला नसता, आणि तो मला कोणत्याही परिस्थितीत हवा होता. पोटुशी बाई आणि शेवाळ यांत मी कोणाला निवडणार, हे गुरुजींनाही माहीत होतं. म्हणून ते शाळेतून थेट खाणीत जाऊन छत्री उघडून भिंतीपुढे बसू लागले. सुटी लागल्यावर दिवसभर. वैशाखात! मजूर म्हणत, "गुरुजी, सरका जी, दगड लागन." हे सरकत नसत. एकदा कपाळावर चीप उडून रक्त आलं, तरी संध्याकाळी खांबाला म्हणतात, "दाराची चौकट लागली."

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. एका दुपारी ते जेवायला आले, तेव्हा मी कढी आणि वडे केले होते. वडे म्हटले की गुरुजी उठत नसत. त्यांचं ताट वाढून, खांबाला "अजून वडे झाकून ठेवले आहेत" असं सांगून मी मागच्या दारानं निघाले. मजूरही भाकर खायला गेलेले. मी भिंतीला शेंदूर लावला. मोठ्या तीन चकऱ्यांना भरपूर, वाटीभर तेलात कालवून, हातानं. खाली दोन लिंबं, एक नारळ, वर पळसाच्या फांदीला लाल चिंधी. हात राखेनं घासले आणि परत आले, तर गुरुजींचे वडे अजून चालू होते.

मजूर परत आले, भिंत पाहिली आणि सब्बल खाली ठेवली. कोणी विचारलं नाही, कोणी चर्चा केली नाही. ट्रॅक्टर स्वतःहून पलीकडच्या टोकाला गेला. तीन अर्ज, दोन सूचना आणि एक छत्री यांनी जे झालं नाही, ते वाटीभर शेंदरानं झालं. रस्ता पावसाळ्याआधी पुरा झाला. मला फार समाधान वाटलं, ते मी लपवत नाही.

गुरुजींना मात्र वेड लागायची पाळी आली. ते चिंध्या आणि रॉकेलची बाटली घेऊन भिंत पुसायला गेले. फुलनबाई तिथं नारळ घेऊन आलेली. हीच रोवणीतली फुलनबाई, आमच्या गावातल्या बायांची पुढारी. तिनं आरडाओरडा केला, "गुरुजी देव पुसून राहिले वं!" लोक धावून आले. हात धरून त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अर्ज: "अज्ञात इसमाने जीवाश्मांवर शेंदूर फासून विद्रूप केले असून सदर इसमाचा शोध घेऊन चौकशी करावी." मी त्यावर शेरा मारला, "चौकशी चालू आहे." आणखी काय लिहिणार होते?

चार-सहा वर्षांत भिंतीची चाकमाय झाली. चकरीची म्हणून चाकमाय. रोवणी संपली की बाया ओटी भरायला जाऊ लागल्या, दरवर्षी शेंदराचा आणखी एक हात चढू लागला. गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्याकडे आता वेळच वेळ. ते रोज जात आणि येऊन खांबाला सांगत, "आज डावीकडची चकरी पूर्ण बुजली." मी आतून ऐके. दुसरं काय करणार, पोळी करपत असे.

आणि मग एक दिवस कळलं की चाकमायला ओटा, भिंतीला फरशा आणि वर छत करायचं ठरलं आहे. सिमेंटची पोती मारुतीच्या देवळात येऊन पडली होती. सोमवारी मिस्त्री येणार, त्याआधी रविवारी ग्रामसभा. माझी मुदत कधीच संपली होती, अडवायचा अधिकार हातात नव्हता. शेंदूर निदान कधीतरी निघेल असं मी मनाशी धरून चालले होते. सिमेंट आणि फरशी निघणार नव्हती. मी सपरीत गेले. गुरुजी चष्मा पुसत होते. मी खांबाकडे पाहिलं नाही, पदरही घेतला नाही, समोर उभी राहून म्हटलं, "शेंदूर मी लावला होता."

गुरुजींनी आधी खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. हातातला चष्मा तसाच धरून म्हणाले, "कायच्यात कालवला?"

"तेलात."

"कोणत्या?"

"जवसाच्या. घरात तेच होतं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "जवसाच्या तेलात शेंदूर! अवं, रेल्वेच्या पुलाले गंज लागू नये म्हणून हाच रंग मारतात! वाळला की लोखंडासारखा होते. मी लपूनछपून वर्षभर रॉकेलनं घासून राहिलो, निघत काऊन नाही म्हणून!"

"मले काय माहीत?"

"रसायनशास्त्रात आहे हे!"

"मी आर्ट्सची आहे!"

"खोबरेल घेतलं असतं तर गरम पाण्यानं तरी सुटलं असतं."

"तुमची भिंत वाचली ना? मजुरांनी एव्हाना तिचा रस्ता केला असता. त्याच रस्त्यानं फटफटीवर फिरता तुम्ही."

शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज बंद झाला. आम्ही दोघंही थांबलो. गुरुजींनी चष्मा घातला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सिमेंट कधी लावणार आहेत?"

रविवारी ग्रामसभेत मी उभी राहिले आणि जसं झालं तसं सांगितलं. देव नाही, काही नाही, मजुरांना अडवायला शेंदूर मी लावला, वाटी माझ्या घरची, तेल माझ्या घरचं. मला वाटलं लोक चिडतील. कोणी चिडलं नाही. फुलनबाई माझ्याकडे लहान पोराकडे पाहावं तशी पाहत होती. म्हणाली, "तू लावलास हो बाई. पण तुले लावायले कोणं लावलं?" सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मी खाली बसणार होते, पण सोमवार समोर दिसत होता. म्हणून जे सुचलं ते बोलले. म्हटलं, "बरं, मायच असन. पण तिले छत अन् सिमेंट चालते का, हे कोणी विचारलं का? उघड्यावरची माय आहे ती. आजवर ऊन-पाण्यात राहिली. तुम्ही तिले कोंडून राहिले."

हे लोकांना पटलं. आमच्याकडे कितीतरी देव असे आहेत की ज्यांच्यावर छत टाकलं तर कोपतात म्हणतात. कुजबुज सुरू झाली. पण खात्री कोण देणार? तेव्हा फुलनबाईच म्हणाली, "गुरुजीयले विचारा. रोज तिच्यापाशी तेच बसतात. गुरुजी, तुम्ही सांगा जी, मायले सिमेंट चालते का?"

सगळं गाव गुरुजींकडे वळलं. मीही. आयुष्यभर ज्यानं अंगात आलेल्यांच्या नाड्या मोजल्या, त्याला आता देवीच्या वतीनं बोलायचं होतं. गुरुजी उभे राहिले. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, म्हणा ना एकदाचं, दोन शब्द तर आहेत. त्यांनी घसा खाकरला. "नाही चालत," म्हणाले, आणि बसले.

सिमेंटची पोती समाजमंदिराच्या कामाला गेली. मला वाटलं, आता तरी आम्ही माणसांसारखं बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी सपरीत, तोंड खांबाकडे. "मी खोटं बोललो नाही. सिमेंट चुनखडीले खरंच चालत नाही. पाणी आत अडते, पापुद्रे सुटतात." मी पोळपाट आपटला.

त्यानंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली, जिचा गुरुजींना फार राग होता. मायला काय चालतं हे गुरुजींना कळतं, असं गावात ठरून गेलं. रोवणी संपली की बाया त्यांना घेऊन खाणीत जात. शेंदूर नको, फक्त पाणी आणि फुलं, नारळ भिंतीवर नाही, दूर फोडा, असं ते सांगत आणि बाया निमूट ऐकत. मग ते भिंतीकडे हात करून सुरू करत, की ही माय नाही बाई, हे शेवाळ आहे, इथं समुद्र होता. बाया खाली बसून, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून ऐकत. संपलं की एकमेकींना हळद-कुंकू लावून घरी. गुरुजी घरी येत ते तणतणत. "पालथ्या घड्यावर पाणी! मी विज्ञान सांगून राहिलो अन् ह्या हात जोडून राहिल्या. एकीच्या डोक्यात काही जात नाही." दरवर्षी हेच, शब्दही तेच. एकदा मी खांबाला म्हटलं, मग जाता कशाला? गुरुजी पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

यंदाची रोवणी त्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी संपली. हात-पाय धुऊन मी बसते न बसते तोच फुलनबाई दहा-पंधरा बाया घेऊन दारात. "चाला बाई खाणीत. गुरुजी नाहीत, मंग तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मला त्यातलं काही येत नाही. "इतकी वर्षं घरात ऐकलं ना जी?" ऐकलं होतं, पण पोळ्या लाटता लाटता. तरी गेले, कारण त्या जाणार नव्हत्या आणि मला चुलीकडे बघायचं होतं.

भिंत तशीच होती. शेंदूर तसाच घट्ट, लाल, पावसानं धुतलेला. कडेला जिथं त्या दिवशी माझा हात पोचला नव्हता, तिथं एक अर्धी चकरी उघडी. बाया खाली बसल्या. मी उभी राहून सुरू केलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, फार वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. त्यात मासे होते...

"मासे नव्हते," फुलनबाई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"मासे मंग आले, बाई. आधी नुसतं शेवाळ. गाळ बसे, शेवाळ वर ये, पुन्हा गाळ बसे. तवा श्वास घ्यायले हवा नव्हती. ह्या शेवाळानं हवा केली. आधी शेवाळ, मंग हवा, मंग बाकी सगळे." तिनं हे माझ्याकडे न पाहता, ओंजळीतली फुलं निवडत सांगितलं, रोवणीत पऱ्हे कसे धरायचे ते नवीन बाईला सांगावं तसं. मागून एकीनं भर घातली, "अन् बोटभर थराले किती वर्षं, ते राहिलं ना?" दुसरी म्हणाली, "ते गुरुजी शेवटी सांगत."

मी तिथल्या दगडावर खाली बसले. माझा राग कोणावर होता ते मला नीट सांगता येणार नाही, पण होता. इतकी वर्षं हा माणूस तणतणत घरी आला, आणि एकदा तरी तिथं थांबून ह्यांना उलट विचारावं, की सांगा बरं मी काय म्हणालो... पण नाही. शिक्षक असून नाही. आणि मी तरी कुठं विचारलं!

"सांगा मंग तुम्हीच," मी फुलनबाईला म्हटलं. ती उठली, भिंतीपुढे जाऊन उभी राहिली, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.